विल्यम होगार्थ : चित्रावरचा हक्क मागणारा चित्रकार



चित्रकला शिकवणाऱ्यांना विल्यम होगार्थ हे नाव माहीत असेल. अठराव्या शतकातलं लंडन, तिथली गर्दी, बाजार, दारूचे गुत्ते, थाटाची लग्नं, निवडणुकांतला गोंधळ हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवणारा हा चित्रकार. त्यांच्या कलेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आजचा लेख मात्र त्यांच्या एका वेगळ्याच कामाबद्दल आहे. आपण काढलेलं चित्र छापून बाजारात गेलं तरी त्यावरचा हक्क आपलाच राहतो, ही गोष्ट इंग्लंडच्या कायद्यात पहिल्यांदा आली ती होगार्थ आणि त्यांच्या मित्रांच्या खटपटीमुळे.

आपला याच्याशी काय संबंध, असं वाटेल. बघा, आपल्यातले कितीतरी जण रात्री जागून कृतिपत्रिका तयार करतात, तक्ते रंगवतात, बालगीतं रचतात. पालकांपैकी कुणी घरी शिवणकामाचे नमुने काढतं, कुणी लग्नपत्रिकांची डिझाइनं करून विकतं. आणि चार दिवसांनी तेच काम, खालचं नाव कापून, तिसऱ्याच ग्रुपवर फिरताना दिसतं. मग आपण हळहळतो आणि सोडून देतो. होगार्थ यांनी सोडून दिलं नाही. म्हणून त्यांचं चरित्र वाचायचं.

शिक्षकाचा मुलगा

विल्यम होगार्थ यांचा जन्म 10 नोव्हेंबर 1697 रोजी लंडनच्या स्मिथफील्ड भागात, बार्थोलोम्यू क्लोज इथे झाला. वडील रिचर्ड होगार्थ शिक्षक होते. उत्तर इंग्लंडमधल्या वेस्टमोरलँडहून ते नशीब काढायला राजधानीत आले होते. शाळा चालवायचे, लॅटिनची पाठ्यपुस्तकं लिहायचे. विद्वान माणूस, पण व्यवहाराच्या नावाने शंख! त्यांनी सेंट जॉन्स गेटजवळ एक कॉफी हाउस काढलं आणि जाहिरात काय केली, तर इथे येणाऱ्यांशी लॅटिनमध्ये गप्पा मारायला जाणकार मंडळी हजर असतील. आता कॉफी पिता पिता लॅटिन बोलायची हौस किती जणांना असणार? धंदा बुडाला, कर्ज झालं आणि रिचर्ड फ्लीटच्या तुरुंगात गेले. त्या काळी कर्ज फेडलं नाही म्हणून तुरुंग होत असे. विल्यम तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. पुढची काही वर्षं घरच्या सगळ्यांनी त्या तुरुंगाच्या सावलीत काढली. 1712 च्या सुमारास सुटका झाली.

रिचर्ड यांनी अनेक वर्षं खपून लॅटिनचा एक मोठा शब्दकोश तयार केला होता. हस्तलिखित पुस्तकविक्रेत्यांच्या हाती दिलं. त्या काळी पुस्तकविक्रेता हाच प्रकाशक असायचा. आश्वासनं भरपूर मिळाली, पैसे मात्र मिळाले नाहीत. 1718 मध्ये रिचर्ड वारले. या फसवणुकीनेच वडील लवकर गेले, असं विल्यम यांना आयुष्यभर वाटत राहिलं. तुरुंगाबद्दल त्यांनी जाहीरपणे कधी काही लिहिलं नाही, पण पुस्तकविक्रेत्यांचा तो व्यवहार ते कधी विसरले नाहीत.

इथे थोडं थांबू या. गाइड आणि व्यवसायमालेसाठी लिहिणारे शिक्षक आपल्याकडेही आहेत. मजकूर आधी देऊन टाकायचा आणि पैशाचं नंतर बघू म्हणायचं, ही रिचर्ड होगार्थ यांचीच रीत झाली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून कागद पुढे आला की सही करण्याआधी या दोन ओळी शोधा. आणि कागदच पुढे येत नसेल, तर तो मागून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एका शिलिंगचं चित्र

वडिलांचे हाल बघून मुलाने पुस्तकी विद्येची वाट धरली नाही. तसंही त्याचं लक्ष वहीतल्या मजकुरापेक्षा समासातल्या नक्षीकडे जास्त. (असा एक तरी विद्यार्थी आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असतो!) साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी तो एलिस गँबल नावाच्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. काम होतं चांदीच्या भांड्यांवर श्रीमंतांची कुलचिन्हं कोरायचं. हात बसला, पण मन रमलं नाही. मुदत संपायच्या आधीच ते बाहेर पडले आणि 1720 मध्ये त्यांनी स्वतःचं कोरीवकामाचं दुकान सुरू केलं.

हा धंदा कसा चालायचा ते समजून घेतलं तर पुढचं भांडण नीट कळेल. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघ न् रेघ कोरायची. रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागदावर चित्र उलटं उमटतं, डावं ते उजवीकडे. एक प्लेट कोरायला आठवडे, कधी महिने लागायचे, पण एकदा झाली की तिच्यावरून शेकड्यांनी चित्रं निघायची. म्हणजे खरी पुंजी ती प्लेट आणि तिच्यामागची कल्पकता. नकल करणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नसे. एक छापील चित्र विकत घ्यायचं, गिरवायचं, कोरायचं, की झालं. विचार, पात्रं, मांडणी, विनोद, सगळं आयतं. घाईत गिरवलेल्या पुष्कळ नकला उलट्या असायच्या, कारण चित्र आहे तसंच पत्र्यावर उतरवलं की छापताना ते फिरतं. कुणाला त्याचं काय!

1724 मध्ये होगार्थ यांनी स्वतःच्या खर्चाने एक चित्र छापलं, 'मास्करेड्स अँड ऑपेराज'. परदेशी ऑपेरा आणि मुखवट्यांचे नाच यांच्यामागे धावणाऱ्या लंडनकरांची त्यात टर उडवली होती. किंमत एक शिलिंग. (तेव्हाचे वीस शिलिंग म्हणजे एक पौंड आणि एकवीस शिलिंग म्हणजे एक गिनी. हे पुढे लागेल.) चित्र गाजलं. पण होगार्थ दुकानांतून चौकशी करायला गेले तर तिथे नकला टांगलेल्या, निम्म्या किमतीला. मूळ चित्रांचा गठ्ठा दुकानदारांनी विकला जात नाही म्हणून परत केला. शेवटी ती प्लेटसुद्धा त्याच लोकांना, ते देतील त्या पैशाला द्यावी लागली, कारण चित्र विकायचं तर दुकानं त्यांचीच.

म्हणजे चोरीइतकीच दुसरीही एक अडचण होती. गिऱ्हाइकापर्यंत जायचा रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात होता. मला विचाराल तर होगार्थ यांच्या पुढच्या सगळ्या व्यवहाराचं मूळ या एका शिलिंगच्या चित्रात आहे.

1728 मध्ये आणखी एक धडा मिळाला. जोशुआ मॉरिस नावाच्या भित्तिपट विणणाऱ्या व्यावसायिकाने त्यांना एका पटासाठी चित्र काढायला सांगितलं होतं. चित्र पूर्ण झाल्यावर मॉरिस म्हणू लागले, हा तर कोरीवकाम करणारा, चित्रकार नव्हेच, पैसे कसले? होगार्थ कोर्टात गेले. नावाजलेले चित्रकार साक्षीला उभे केले आणि वीस पौंड वसूल केले. ज्या घराने वडिलांचा कोश फुकट जाताना पाहिला होता, त्या घरातल्या मुलाने आपल्या कामाचे पैसे कोर्टातून मिळवले.

सहा चित्रांची गोष्ट

राजदरबारी मान असलेले चित्रकार सर जेम्स थॉर्नहिल यांच्याकडे होगार्थ यांचं जाणं-येणं होतं. थॉर्नहिल यांची मुलगी जेन हिच्याशी त्यांचं जमलं आणि मार्च 1729 मध्ये दोघांनी वडिलांना न विचारता पॅडिंग्टनच्या चर्चमध्ये लग्न केलं. सासरेबुवा अर्थातच रागावले.

तो राग निवळायला एका चित्रमालेची मदत झाली. खेड्यातून लंडनला आलेली एक भाबडी मुलगी वाईट माणसांच्या हाती लागते आणि तिची कशी वाताहत होते, हे होगार्थ यांनी सहा चित्रांत सांगितलं. नाव 'अ हार्लट्स प्रोग्रेस'. एकापुढे एक चित्र लावून पूर्ण गोष्ट सांगायची ही पद्धत तेव्हा नवीन होती. आजची चित्रकथा आठवली ना? या वेळी त्यांनी दुकानदारांना बाजूलाच ठेवलं. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून थेट आगाऊ नोंदणी घेतली. सहा चित्रांच्या संचाला एक गिनी, निम्मे पैसे आधी, निम्मे चित्रं हातात पडल्यावर. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत देतात तसंच, फक्त सवलत नाही! नोंदणी करणाऱ्याला पावती मिळायची आणि तीही होगार्थ यांनी कोरलेलं सुरेख छोटं चित्रच. लोक पावत्यासुद्धा जपून ठेवायचे.

1732 मध्ये संच निघाला. बाराशेच्या वर लोकांनी नोंदणी केली होती. बाराशे गिनी ही तेव्हा फार मोठी रक्कम. कोरीवकाम करणारा एक माणूस एका झटक्यात लंडनच्या नामवंतांत जाऊन बसला.

आणि मग नकलांचा पूर आला. काही आठवड्यांत स्वस्त नकला दुकानोदुकानी लागल्या. तीच पात्रं पंख्यांवर छापली गेली, कपबशांवर आली, रंगमंचावरही आली. होगार्थ यांना यातून एक पेनीही नाही. नोंदणी करणाऱ्यांना त्यांनी शब्द दिला होता की ठरलेल्या संचांपेक्षा जास्त छापणार नाही. तो त्यांनी पाळला. पण नकल करणाऱ्यांना कुठला शब्द आणि कुठलं बंधन?

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मला फार शहाणपणाची वाटते. गाईल्स किंग नावाच्या एका कोरीवकाम करणाऱ्याला त्यांनी स्वतःच परवानगी देऊन लहान, स्वस्त आवृत्ती काढायला लावली. गिनी न परवडणारा माणूस नकलेकडे वळतो तो हौसेने नव्हे, खिशाकडे बघून. त्याच्यासाठी आपणच परवडणारी आवृत्ती आणली तर नकल घेणाऱ्यांतले बरेच आपल्याकडे येतात. आपले संच महाग ठेवून नंतर कॉपी होते म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्यातल्या काहींनी (नावं घेत नाही!) हे जरूर वाचावं.

अर्ज आणि कायदा

1733 मध्ये होगार्थ लेस्टर फील्ड्समधल्या घरात राहायला गेले. दारावर पाटी हवी. त्यांनी बुचाचे तुकडे चिकटवून चित्रकार व्हॅन डाइक यांचा अर्धपुतळा केला, त्याला सोनेरी मुलामा दिला आणि दारावर बसवला. तेव्हापासून ते दुकान 'गोल्डन हेड' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. खरी होगार्थ चित्रं कुठे मिळतील? सोनेरी डोक्याच्या दारी. व्यापारचिन्ह म्हणजे काय हे मुलांना सांगायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

नव्या घरात त्यांनी दुसरी मालिका हाती घेतली, 'अ रेक्स प्रोग्रेस'. बापाची कमाई उधळणाऱ्या एका तरुणाची आठ चित्रांतली गोष्ट. यातला नायक एका चित्रात फ्लीटच्या तुरुंगात, कर्जदारांच्या कोठडीत बसलेला दिसतो. ती कोठडी काढणाऱ्याला तिची माहिती कुठून मिळाली असेल, ते आता तुम्हाला सांगायला नको.

ही मालिका तशीच बाजारात सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं. इंग्लंडमध्ये पुस्तकांसाठी 1710 पासून कायदा होता. लेखकाला चौदा वर्षं हक्क, आणि तेव्हा तो हयात असेल तर आणखी चौदा. छापील चित्रांना मात्र असं कुठलंच संरक्षण नव्हतं. होगार्थ यांनी सहकाऱ्यांना गोळा केलं. जॉर्ज व्हर्च्यू, जॉन पाइन, जेरार्ड व्हँडरगुख्ट, जॉर्ज लँबर्ट अशी त्या काळची नावाजलेली मंडळी बरोबर आली. फेब्रुवारी 1735 मध्ये सगळ्यांनी मिळून पार्लमेंटकडे अर्ज केला. शिवाय खासदारांना उद्देशून एक पत्रक छापून वाटलं. त्यात दुकानदारांची मक्तेदारी, नकलांची रीत आणि कलावंतांची होणारी परवड हे सगळं मांडलं होतं.

कायद्याचा मसुदा विल्यम हगिन्स यांनी केला, असं मानलं जातं. गंमत बघा, हगिन्स यांचे वडील एके काळी त्याच फ्लीट तुरुंगाचे मुख्य अधिकारी होते.

15 मे 1735 रोजी राजाची संमती मिळाली. कायदा लागू होणार होता 24 जूनपासून. होगार्थ यांची 'रेक्स प्रोग्रेस'ची चित्रं तयार होती, नोंदणी झालेली होती, गिऱ्हाइकं वाट बघत होती. पण त्यांनी ती घरातच ठेवली. कारण सरळ आहे, 24 जूनच्या आधी बाहेर पडलेल्या चित्राला कायद्याचा उपयोग नव्हता. 'हार्लट्स प्रोग्रेस' त्याच कारणाने कायद्याबाहेर राहिली होती.

आता नकल करणाऱ्यांची शक्कल ऐका. मूळ रंगीत चित्रं होगार्थ यांच्या घरी लोकांना बघायला ठेवलेली असत. काही दुकानदारांनी आपली माणसं साधे प्रेक्षक म्हणून तिथे पाठवली. त्यांनी चित्रं नीट न्याहाळायची, घरी जाऊन आठवणीतून काढायची! अशा नकला खऱ्या मालिकेच्या आधीच बाजारात आल्या. आठवणीतून काढल्यामुळे त्यांत माणसं भलतीकडे उभी आणि सामानसुमान मनाने भरलेलं. होगार्थ यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हा प्रकार उघड केला. आणि 25 जूनला, कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, खरी मालिका प्रसिद्ध केली. आठ चित्रांचे दोन गिनी. पाठोपाठ थॉमस बेकवेल यांच्याकडून अडीच शिलिंगची अधिकृत स्वस्त आवृत्तीही काढली. आधीचा धडा पाठ होता.

कायद्यात काय होतं? जो चित्र कल्पून काढेल आणि कोरेल किंवा दुसऱ्याकडून कोरून घेईल, त्याचा हक्क प्रसिद्धीपासून चौदा वर्षं. अट अशी की प्रत्येक प्लेटवर आणि छापील प्रतीवर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरलेली हवी. परवानगीशिवाय नकल केली तर प्लेट आणि प्रती जप्त, वर दर प्रतीला पाच शिलिंग दंड. त्यातले निम्मे राजाला आणि निम्मे दावा करणाऱ्याला. दावा मात्र तीन महिन्यांच्या आत लावायला हवा. म्हणून त्या काळच्या इंग्रजी छापील चित्रांखाली तारीख आणि पार्लमेंटच्या कायद्याचा उल्लेख असलेली बारीक ओळ दिसते. मुलांना जुनी चित्रं दाखवाल तेव्हा ती ओळ भिंग लावून शोधायला सांगा.

आपल्याकडे आज ही अट नाही. काम कागदावर किंवा फाइलमध्ये उतरलं की हक्क आपोआप निर्माण होतो. तो कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पुराव्याला मात्र उपयोगी पडते. तरीही नाव आणि तारीख घालायची सवय सोडू नका. आणि नुसत्या कोपऱ्यात घालू नका, तिथून ती सहज कापली जाते. होगार्थ यांच्या काळीसुद्धा खालची ओळ कापून चित्र चौकटीत बसवणारे लोक होतेच. दुसरं म्हणजे, कल्पनेला संरक्षण नसतं, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतं. फळांच्या चित्रांतून अपूर्णांक शिकवायची युक्ती कुणीही वापरावी. तुमचा काढलेला तक्ता जसाच्या तसा उचलू नये, एवढंच. आणि नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क बहुतेक वेळा नोकरी देणाऱ्याचा असतो. शाळेसाठी केलेला संच बाहेर विकायचा असेल तर आधी विचारून घ्या.

चित्र विकलं, हक्क राखला

कायदा झाल्यानंतर होगार्थ यांनी स्वस्थ बसून गिन्या मोजल्या, असं नाही. त्याच वर्षी सासऱ्यांच्या माघारी त्यांचं साहित्य वापरून सेंट मार्टिन्स लेनमध्ये कलाशाळा सुरू केली. तिथे सगळे सभासद सारखी वर्गणी देत आणि सगळ्यांचा हक्क सारखा असे. कुणी मुख्य नाही, कुणी दुय्यम नाही.

आपल्या उपयोगाची गोष्ट 1747 ची. 'इंडस्ट्री अँड आयडलनेस' म्हणजे उद्योग आणि आळस या बारा चित्रांत त्यांनी दोन उमेदवार दाखवले. एक कष्टाळू, तो लंडनचा महापौर होतो. दुसरा ऐतखाऊ, तो फासावर जातो. बोध अगदीच ढोबळ आहे, खरं सांगायचं तर मला तो आवडत नाही. पण व्यवहार बघा. ही चित्रं त्यांनी मुद्दाम साध्या रेघांत कोरली, म्हणजे स्वस्त विकता येतील आणि मालक लोक आपल्याकडच्या पोरांना घेऊन देतील. कुणासाठी काढतोय आणि त्याला काय परवडेल, याचा विचार चित्राच्या रेघेपर्यंत गेला होता.

'मॅरेज अ-ला-मोड' ही त्यांची सगळ्यात देखणी मालिका. मूळ सहा तैलचित्रं त्यांनी स्वतः रंगवली, कोरीवकामाला मात्र बॅरन, स्कोटिन आणि राव्हने हे फ्रेंच कारागीर लावले. 1745 मध्ये छापील संच निघाला. कारागिरांना मजुरी मिळाली, हक्क होगार्थ यांचा, कारण कल्पना आणि रचना त्यांची. इथे होगार्थ यांची बाजू थोडी लंगडी पडते असं मला वाटतं. मेहनत करणाऱ्या कोरीवकाम्यासाठी या कायद्यात फारसं काही नव्हतं. दुसऱ्याच्या तैलचित्रावरून कोरणाऱ्यालाही संरक्षण नव्हतं. कायदा मागणारे बहुतेक स्वतःचीच चित्रं स्वतः काढून विकणारे होते, आणि कायदाही त्यांच्याच मापाचा शिवला गेला.

ती सहा तैलचित्रं 1751 मध्ये लिलावात अवघ्या 120 गिनीला गेली. होगार्थ यांना फार लागलं. नुसत्या चौकटींचा खर्च प्रत्येकी चार गिनी होता! पण लक्षात घ्या, विकली गेली ती चित्रं. तांब्याच्या प्लेटा त्यांच्याच घरात होत्या आणि छापायचा हक्कही त्यांच्याच नावावर होता. वस्तू विकणं वेगळं आणि नकलेचा हक्क विकणं वेगळं. आजही कुणी तुमच्याकडून भिंतीचं चित्र किंवा बोधचिन्ह करून घेतलं, तर ते कुठे कुठे वापरता येईल हे पावतीवरच एका ओळीत लिहा. नंतरची अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

1750 मध्ये 'मार्च टू फिंचली' या तैलचित्राची त्यांनी सोडत काढली. छापील चित्र घेणाऱ्याला सोडतीचं तिकीट मिळायचं. 167 तिकिटं उरली, ती त्यांनी लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला, म्हणजे टाकून दिलेल्या बाळांच्या आश्रमाला देऊन टाकली. चित्र नेमकं आश्रमालाच लागलं आणि ते आजही तिथल्या संग्रहात आहे. होगार्थ दांपत्याला मूलबाळ नव्हतं. त्या आश्रमाच्या कामात दोघांनीही मनापासून लक्ष घातलं.

जेन

कायद्यातली एक फट मात्र हळूहळू उघडी पडली. 1753 मध्ये एका खटल्यात न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी सांगितलं की कायदा चित्र कल्पून काढणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. ज्याने नुसता हक्क विकत घेतला किंवा आपल्या नावे करून घेतला, त्याला तो मागता येणार नाही. म्हणजे कलावंत असेपर्यंत ठीक, पुढे काय?

26 ऑक्टोबर 1764 रोजी होगार्थ वारले. चिझिकला त्यांना पुरलं. मागे पैसा फारसा नव्हता. होत्या त्या प्लेटा, आणि त्या जेन यांच्या नावे केलेल्या होत्या. पण बहुतेक जुन्या चित्रांची चौदा वर्षं संपलेली, आणि उरलेल्यांच्या बाबतीत विधवेला हक्क आहे की नाही हाच प्रश्न. नकल करणारे तर टपलेलेच होते.

जेन मुकाट बसल्या नाहीत. लेस्टर फील्ड्सच्या त्याच घरातून त्या चित्रं छापून विकत राहिल्या. चुलत बहीण मेरी लुइस हाताशी होती, ती विक्री बघायची. 1767 मध्ये पार्लमेंटने नवा कायदा केला. मुदत चौदाची अठ्ठावीस वर्षं झाली, दुसऱ्याच्या चित्रावरून कोरणाऱ्यांनाही संरक्षण मिळालं. आणि त्याच कायद्यात एक स्वतंत्र कलम नावानिशी घातलं गेलं. विल्यम होगार्थ यांच्या चित्रांचा हक्क त्यांच्या पत्नी जेन होगार्थ यांना 1 जानेवारी 1767 पासून वीस वर्षं.

त्या वीस वर्षांत जेन यांचं घर चित्रांवर चाललं. 1787 मध्ये मुदत संपली. विक्री तोवर खूपच घटली होती, तेव्हा रॉयल अकॅडमीने त्यांना वर्षाला चाळीस पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. 1789 मध्ये त्या गेल्या आणि प्लेटा मेरी लुइस यांच्याकडे आल्या. छापायचा एकाधिकार आता कुणाचाच नव्हता, कुणीही नकल करू शकत होतं. तरीही जॉन बॉयडेल या लंडनमधल्या मोठ्या चित्रविक्रेत्याने मूळ प्लेटा मागितल्या, आणि त्यांच्या बदल्यात मेरी लुइस यांना हयातभर वर्षाला अडीचशे पौंड द्यायचं कबूल केलं.